पुतळीला सगळं ऐकू येत होतं

खांब गावच्या आमच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवणारी पुतळी ही काही भित्री बाई नव्हे. तिचं माहेर पेणच्या खाडीकाठचं, मिठागरावरचं. लग्नाआधी ती भर उन्हात आईबापाबरोबर मीठ ओढायची आणि पायांच्या भेगांत मीठ शिरलं तरी हूं की चूं करायची नाही. उधाणाच्या भरतीला बांध फुटला की पुरुषांच्या बरोबरीनं चिखलात उतरायची. एकदा आमच्या तांदळाच्या खोलीत धामण निघाली. आम्ही शिक्षक मंडळी बाकांवर चढलो. पुतळीनं झाडूनं तिला दाराबाहेर लोटलं, हात धुतले आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली.

अशा पुतळीचा आवाज कापताना मी पहिल्यांदा ऐकला तो गेल्या वर्षी, दवाखान्यातून परतल्यावर ती मला हे सगळं सांगायला बसली तेव्हा. सांगताना ती सारखी स्वतःचे डोळे उघडे आहेत ना, हे बोटांनी चाचपून बघत होती.

पावसाळा सरत आला होता. पाऊस नाही आणि उकाडा मात्र जीव नकोसा करणारा. त्यात लाईट गेलेली. पुतळी आणि तिचा नवरा रघू पडवीत जमिनीवरच अंथरूण टाकून झोपले. उजाडायच्या सुमारास पुतळीच्या पोटात कळ आली. आदल्या दिवशीची जवळ्याची चटणी बाधली असेल, असं म्हणत तिनं ओवा तोंडात टाकला. तो गिळवेना. वरून पाणी प्यायली, तर ते नाकातून बाहेर आलं. चहा ठेवायला शेगडीपाशी गेली, तर समोर दोन शेगड्या.

"अवो, जरा उठा. माझ्या डोळ्यांना काय झालंय बघा."

रघू डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर कामाला आहे. सकाळच्या शिफ्टला निघायच्या गडबडीत होता. त्यानं बायकोकडं पाहिलं आणि हातातला डबा खाली ठेवला. तिच्या पापण्या पेंग आल्यासारख्या खाली आल्या होत्या, आणि कधी दारूच्या थेंबाला न शिवलेली ही बाई प्यायल्यासारखी नाकातून बोलत होती.

त्यानं तिला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि रोह्याची वाट धरली. अर्ध्या वाटेत तिचं डोकं त्याच्या पाठीवर आदळलं.

"ए, झोपू नको गो! पडशील!"

"झोपले नाय," पुतळी म्हणाली. पण मान काही वर येईना.

रोह्याला एक जुना धर्मादाय दवाखाना आहे. मेडिकल कॉलेजातून शिकाऊ डॉक्टर पाळीपाळीनं तिथं येतात. त्या सकाळी समोर बसली होती ऋतुजा. पेणजवळच्या जिते गावची पोरगी, शेवटची परीक्षा पास झालेली, पण अजून इंटर्न. कॉलेजच्या मोठ्या रुग्णालयात तिनं घोळक्याच्या मागं टाचा उंचावून पुष्कळ पाहिलं होतं. स्वतःच्या हातानं केलेलं फार थोडं होतं. मला नंतर ती म्हणाली, "बाई, त्या दिवसांत दवाखान्याची पायरी चढताना रोज भीती वाटायची. आज आपल्या हातून कुणाचं काही वाईट होऊ नये, एवढंच मनात असायचं."

पोटदुखी म्हटल्यावर ऋतुजानं आधी पित्ताचं इंजेक्शन भरायला घेतलं. भरता भरता तिनं पुतळीच्या तोंडाकडं पाहिलं.

"मावशी, डोळे पूर्ण उघडा बरं."

"उघडलेत की."

पापण्या अर्ध्यावरच होत्या.

"माझ्या बोटाकडं बघा. बोट जाईल तिकडं."

बोट इकडून तिकडं गेलं. बुबुळं जागची हलली नाहीत. ऋतुजानं सुई ट्रेमध्ये टाकली आणि ती आत पळाली.

आतून आले ते डॉक्टर नथानियल रोहेकर. साठी उलटलेला, इथल्याच यहुदी घरातला माणूस. त्यांचे भाऊबंद केव्हाच इस्रायलला गेले, हे एकटे मागं राहिले. रोह्यातली माणसं त्यांना नथूडॉक्टर म्हणतात. त्यांनी पुतळीला आडवी केली आणि उशीवरून डोकं उचलायला सांगितलं. तिला ते उचलता आलं नाही.

"काल झोपला होता कुठं?" त्यांनी रघूला विचारलं.

"पडवीत. खालीच."

"मण्यार चावलीय हिला."

"पर साप कुठं दिसला, डॉक्टर? अंगावर खूणसुदीक नाय."

"मण्यारीची खूण दिसत नाही. झोपेत डास चावल्यासारखं वाटतं." मग ते ऋतुजाकडं वळले. "सकाळची पोटदुखी आणि पडलेल्या पापण्या. दातांच्या खुणा शोधत बसायचं नाही. विषावरची लस सुरू कर, लगेच."

मण्यार हा शब्द पुतळीनं ऐकला आणि तिच्या अंगातलं रक्त थिजलं. मिठागरावर तिच्या लहानपणी शेजारच्या हौसाचा नवरा असाच गेला होता. झोपेतून उठलाच नाही. दुपारच्या आत त्याला नेऊन जाळला होता.

लस शिरेतून जायला लागली, तरी आधी भिनलेलं विष आपलं काम करतच होतं. पुतळीची जीभ जड झाली. मग हात. तिला रघूचा हात धरायचा होता. बोटं कुठं आहेत तेच कळेना. पापण्या मिटल्या त्या मिटल्याच. बघणाऱ्याला वाटावं, बाई शांत झोपली. आत पुतळी टक्क जागी होती. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला तोही तिला ऐकू आला. आणि मग श्वास. "बाई, श्वास घ्यायचा असतो हे माहीत होतं," ती मला म्हणाली, "पर छातीच उचलंना. कुणी तरी मिठाचं पोतं ठेवलं होतं जणू."

"ऋतुजा, नळी तू घाल," नथूडॉक्टरांचा आवाज आला.

"सर, मी? मी फक्त प्लास्टिकच्या डोक्यावर केलंय. तेही दोनदाच जमलं होतं."

"मी इथंच उभा आहे. घाल."

पुतळीला हे शब्द न् शब्द ऐकू गेले. जिला जमत नाही ती आपल्या घशात नळी घालणार, आणि आपल्याला नको म्हणताही येत नाही. तिच्या हनवटीला त्या पोरीची बोटं लागली. हातमोज्यातूनही ती गार लागत होती. गुंगीचं औषध दिलं होतं म्हणे, पण ते तिच्या भीतीला पुरलं नाही. जिभेवर थंड लोखंड आलं, दात दुखले, जबडा वर खेचला गेला.

"काही दिसत नाहीये सर. नुसती लाळ दिसतेय."

"काढ बाहेर. आधी हवा दे. घाई नको."

तोंडावर रबराचा मुखवटा आला आणि त्याला जोडलेली पिशवी दाबली तशी हवा आत शिरली. दुसऱ्यांदा नळी डॉक्टरांनी स्वतः घातली. ऋतुजा बाजूला उभी राहून हुंदका आवरत होती, हेसुद्धा पुतळीला ऐकू आलं.

त्या दवाखान्यात श्वास चालवायचं यंत्र नव्हतं. पेणला एका रुग्णालयात ते रिकामं असल्याचं फोनवर कळलं. पण शेजारच्या खोलीत एक बाई अडली होती, मूल आडवं आलं होतं. डॉक्टरांना हलता येईना, सिस्टरलाही नाही.

"तू घेऊन जा हिला," ते ऋतुजाला म्हणाले.

"एकटी?"

"पिशवी दाबायची, छाती वर आली की सोडायची. पेण येईपर्यंत एवढंच. आणि एक ध्यानात ठेव, मण्यारीचा माणूस ऐकत असतो. तिच्याशी बोलत राहा."

गाडी निघाली. पुढं ड्रायव्हर हैबतराव, मागं रघू, ऋतुजा आणि स्ट्रेचरवर पुतळी. नागोठणं येईपर्यंत ऋतुजा एक अक्षर बोलली नाही. बोलायचं तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. दाब, सोड, दाब, सोड. तिची नजर त्या छातीवरून हलत नव्हती. पुतळीला मात्र ती शांतता खायला उठली होती. पिशवीचा फसफस आवाज तेवढा येत होता. दोन आवाजांच्या मधे जरा खंड पडला की तिला वाटायचं, संपलं.

महामार्गाचं काम चालू होतं. नागोठणं सोडल्यावर हैबतरावांनी एक खड्डा चुकवला आणि गाडी दुसऱ्यात आपटली. स्ट्रेचर उडालं. ऋतुजाचा हात पिशवीसकट मागं खेचला गेला. तिनं पुन्हा पिशवी दाबली तेव्हा छाती वर आली नाही. पोट फुगलं. पुतळीच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा प्राणवायूचा आकडा उतरायला लागला आणि त्याचं यंत्र टिंटिं करत सुटलं.

"थांबवा! गाडी थांबवा!"

हैबतरावांनी गाडी कडेला घेतली. ऋतुजानं नथूडॉक्टरांना फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. नळी सरकली होती, हवा पोटात जात होती, हे तिला कळत होतं. पण ती काढली तर परत घालायला येणार नव्हती, हेही कळत होतं.

"काढू का? नको काढू? मला परत नाही घालता येणार," ती मोठ्यानं बोलत होती, स्वतःशीच. पुतळी ते ऐकत होती आणि तिला हवा मिळत नव्हती. मला सांगताना ती इथं थांबली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "बाई, खाडीत बुडणारा माणूस हातपाय तरी मारतो. मला तेवढंही नव्हतं."

ऋतुजानं नळी ओढून काढली. मुखवटा पुतळीच्या तोंडावर दाबला, एका हातानं तो धरला आणि दुसऱ्यानं पिशवी दाबली. हवा गालाच्या कडेनं फुस्सकन बाहेर गेली. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. घामानं हात निसटत होता. तिनं मुखवटा सोडला, पुतळीची पापणी उचलली आणि टॉर्च मारला.

पुतळीला उजेड दिसला. त्या उजेडामागं तिला त्या पोरीचं तोंड दिसलं, दोन दोन तोंडं, घामानं थबथबलेली, पांढरीफटक. दोघींची नजर एकमेकींना भिडली होती.

"ती माझ्या डोळ्यात बघत होती, बाई," पुतळी म्हणाली, "आणि तिला मी दिसत नव्हते."

बुबुळाचा काळा ठिपका मोठा झालेला होता. उजेडानं तो जराही आकसला नाही.

"गेली वाटतं," ऋतुजा म्हणाली.

रघूनं कपाळावर हात मारून हंबरडा फोडला. आणि आत पुतळी ओरडत होती. मी हाय. मी हाय इथं. तिला हौसाचा नवरा आठवला. त्याला तिरडीवर बांधला तेव्हा तोही असाच ऐकत होता का? बाया रडल्या, लाकडं रचली, तेव्हाही तो आत जागा होता का? असली भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही, असं ती म्हणाली, आणि यापुढं वाटेल त्या भीतीला मी हसेन असंही म्हणाली. पण हे म्हणताना ती हसली नाही.

ऋतुजाची बोटं सवयीनं पुतळीच्या मानेला गेली. तिथं नाडी धडधडत होती, घोडा दौडावा तशी. तिला वर्गातलं एक वाक्य आठवलं की आजच सकाळी सरांनी सांगितलेलं, ते तिला अजूनही नक्की सांगता येत नाही. पण मण्यारीच्या विषानं बुबुळंही लुळी पडतात, तेवढ्यावरून माणूस मेला असं धरायचं नसतं, हे तिच्या डोक्यात लख्ख झालं.

"काका, इकडं या! ही पिशवी दाबा!"

"मेलेल्या बाईला कशाला छळता, मॅडम?" रघू रडत म्हणाला. "जाऊ द्या तिला सुखानं."

"मेली नाय वो ती!" जित्याची बोली एकदम तिच्या तोंडात आली. "जिती हाय! दाबा म्हणते ना, दाबा!"

ती पुतळीच्या डोक्यामागं गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांनी तिनं जबडा वर उचलला आणि मुखवटा तोंडावर घट्ट बसवला, इतका घट्ट की पुतळीच्या गालांवर पुढं चार दिवस वळ होते. रघूनं पिशवी दाबली. हवा आत गेली. छाती उचलली गेली.

"सोडा. आता दाबा. सोडा. दाबा. जोरात नको, पोटात जाते."

चिमट्याचा आकडा हळूहळू चढायला लागला. गाडी पुन्हा निघाली. डोलवीपाशी कंपनीच्या ट्रेलरांची रांग लागली होती. हैबतराव भोंगा वाजवत होते, खाली उतरून ट्रेलरवाल्यांना हात जोडत होते. आत रघू पिशवी दाबत होता, आणि ऋतुजानं बोलायला सुरुवात केली.

"मावशी, तुम्हाला ऐकू येतंय. मला माहितीय. मघाशी मी चुकीचं बोलले, तुम्ही जित्या हाव. काका दाबतायत पिशवी. मी कोण सांगू? मी ऋतुजा. जित्याची. आमच्या घरामागनं रेल्वे जाते. माझी आई पोह्याचे पापड करते, पेणला दुकानात देते. लहानपणी वाळवणाशी मला बसवायची, कावळे हाकायला. मी भ्यायची कावळ्यांना. लय भ्यायची. आतापण मी भ्यालेय, मावशी. तुम्ही पण भ्याल्या असाल. वडखळ आलं बघा. थोडंच राहिलं."

ती काय बोलतेय याचा तिला पत्ता नव्हता. मधेच ती रडायची, मधेच रघूवर ओरडायची, पुन्हा पापडांवर यायची. पुतळी त्या आवाजाला धरून होती. आवाज थांबू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

पेणच्या रुग्णालयात माणसं दारातच उभी होती. तिथल्या डॉक्टरांनी नळी घातली, यंत्र लावलं. ऋतुजा भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या दोन्ही हातांची बोटं आखडून गेली होती, ती रघूनं चोळून सरळ केली. परत निघण्याआधी तिनं तिथल्या प्रत्येक सिस्टरला गाठून सांगितलं, "त्यांना ऐकू येतं हं. समोर काही बोलू नका."

तरी लोक बोललेच. यंत्रावरच्या त्या दिवसांत पुतळीनं पुष्कळ ऐकलं. "हिचं काही खरं नाही." "नवऱ्याला सांगितलंय का कुणी?" एकदा कुणीतरी थंडी वाजेल म्हणून चादर हनवटीपर्यंत ओढली. ती तोंडावर जाईल, या भीतीनं तिच्या काळजाचे ठोके इतके वाढले की यंत्र ओरडायला लागलं आणि सगळे धावत आले. का ते कुणालाच कळलं नाही. मग एका सकाळी रघू तिच्या पायांना तेल लावत असताना उजव्या पायाचा अंगठा हलला. त्याला वाटलं, भास झाला. तो म्हणाला, "पुतळे, ऐकतेस तर परत हलव." तिनं हलवला. रघू तेलाच्या वाटीसकट वॉर्डभर धावला.

घरी आल्यावर, चालायला लागल्यावर, ती एसटीनं रोह्याला गेली. सोबत मला घेऊन गेली, कारण दवाखान्याच्या दारात पाय अडखळेल असं तिला वाटत होतं. अडखळलाच. हातमोज्यांच्या रबराचा वास आला आणि ती जागीच थिजली. शेवटी ऋतुजाच बाहेर व्हरांड्यात आली. पुतळी बाकावर टेकली. ऋतुजा तिच्या पाया पडायला वाकली आणि तेवढ्यात पुतळी बोलली.

"गेली वाटतं म्हणालीस तवा मी किती वरडले, म्हायतंय?"

ऋतुजा अर्धवट वाकलेलीच राहिली. तिचा चेहरा उतरला.

"तुम्ही... तेही ऐकलंत?"

"समदं ऐकलं. थुंकी दिसतेय म्हणालीस ते. परत घालता येणार नाय म्हणालीस ते. पापडाचं पण." पुतळीनं तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "रडू नको गो. राग नाय माझा. पर सांगितल्याबिगर मला झोप येईना."

मी ऋतुजाला विचारलं, "आता भीती कमी झाली असेल ना?"

"वाढलीय, बाई," ती म्हणाली. "नळी घालायला येते आता. नथूसरांनी हाताला धरून शिकवली, पाच-सहा जणांना घातली. पण आता झोपलेल्या माणसाच्या खोलीत शिरले तरी काय बोलू आणि काय नको, याची भीती वाटते."

पुतळी आता खाटेवर झोपते, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून. बॅटरी उशाशी असते. शाळेत ती पहिल्यासारखी येते, पहिल्यासारखी खिचडी शिजवते, मुलांवर पहिल्यासारखी ओरडते.

परवा मधल्या सुट्टीत मुलं पटांगणात लढाई खेळत होती. तिसरीतली एक पोरगी गोळी लागल्याचं सोंग घेऊन धाडकन पडली आणि डोळे मिटून निपचित राहिली. बाकीची तिच्याभोवती नाचत ओरडत होती, "मेली! मेली!" पुतळीनं हातातला खिचडी ढवळायचा डाव टाकला आणि ती पळत सुटली. मुलांना बाजूला ढकलून ती पोरीपाशी बसली आणि तिच्या छातीवर तळहात ठेवला. पोरीनं दचकून डोळे उघडले.

"असं नाय म्हणायचं कुणाला," पुतळी मुलांना म्हणाली. "आधी हाक मारायची. लय वेळा मारायची."

मुलं गोंधळून बघत राहिली. मी जाऊन तिला उठवलं. चुलीवर खिचडी बुडाला लागल्याचा वास यायला लागला होता.